भट्टी सोडून जाता येत नाही

रविवार, १२ जानेवारी

रैनो,

ऊर्हो पेल्कोनेनच्या घरात वाढलेल्या आपण दोघांनी एकमेकांशी कितीही भांडावं, आपली एक तक्रार सामाईक आहे आणि ती तू नाकारून दाखव. या घरात हिवाळ्यात चौघं मिळून कधीच कुठे गेलो नाही. अंगणातल्या त्या भट्टीपाशी कोणीतरी मागे राहावंच लागायचं. मला पदवी मिळाली ती डिसेंबरात. आई आली, बाबा राहिले. तुझा हॉकीचा शेवटचा सामना झाला तेव्हा बाबा आले, आई राहिली. आज्जी गेली तेव्हा तर चर्चमधून परत आल्यावर बाबांनी कोट न काढता आधी भट्टीचं दार उघडलं होतं. आपल्या चौघांचा बर्फातला एकही फोटो नाही, शोधून बघ. देवाला सोडून जाता येतं, भट्टीला सोडून जाता येत नाही. भट्टीत तापून जमिनीखालच्या नळ्यांतून घरात येणारं पाणी गोठलं की घर गेलं, हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. कागद ठेवून देता येतो, पण त्याआधी एकदा दिसतो तरी.

आपलं कशावरून बिनसलं ते मला आठवण करून द्यायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी मी टाउनशिपच्या गावसभेत उभी राहिले आणि म्हणाले की माझ्या आईने जन्मात सिगारेट ओढली नाही, आणि तिची फुप्फुसं पाहून डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं? मी म्हणाले, आमच्या घरात धुराडं ओढतं. तू म्हणालास, मी आईचं मरण माईकवर नेलं आणि बाबांना चारचौघांत खुनी ठरवलं. मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते: मी धुराचं नाव घेतलं, बाबांचं नाही. माणूस आणि त्याचा धूर यांत फरक करता येत नसेल तर ती ऐकणाऱ्याची चूक. स्वातंत्र्यावर मी आयुष्यभर वाचत आले, वाचनालयात बसून दुसरं केलं तरी काय. पण माझ्या अंगणातली वस्तू शेजाऱ्याच्या छातीत जाऊन राहावी, याला स्वातंत्र्य म्हणणारा एकही शहाणा मला अजून भेटलेला नाही.

असो. मी सध्या बाबांकडे आहे. दोन-चार दिवस, रस्ते साफ होईपर्यंत. बाबा ठीक आहेत. जरा धाप लागते. वेलचीचा पाव केला होता, तर म्हणाले, "आईच्या हाताची सर नाही, पण दात मजबूत होतील." म्हणजे ठीकच.

भट्टी चालू आहे. लाकडं कोण घालतं ते विचारू नकोस.

सैमा

रविवार, १९ जानेवारी

रैनो,

आज दुपारी तुझा फोन आला. मी उचलला, तू ठेवलास, मग पुन्हा केलास तो बाबांनी उचलावा म्हणून. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. बाबा हसत होते, "हो हो, ठणठणीत! लाकडाची थप्पी छपरापर्यंत आहे, ये आणि बघ!" आणि तू काहीतरी म्हणालास, आणि ते म्हणाले, "वसंतात ना? बरं बरं. घाई नाही." फोन ठेवून ते खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. उठता येत नव्हतं, रैनो.

मी तुला मागच्या पत्रात खरं सांगितलं नाही. मी रस्त्यांमुळे इथे आले नाही. नाताळनंतर बाबा लाकडाच्या थप्पीपाशी पडले. आर्वो किन्नुनेन बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर घेऊन चालला होता म्हणून दिसले. नाहीतर त्या थंडीत तासाभरात संपलं असतं. हृदयाची एक झडप दगडासारखी झाली आहे. शहरातल्या हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली आहे, अकरा फेब्रुवारी, मंगळवार. आदल्या दिवशी भरती व्हायचं. झडप बदलली तर डॉक्टर म्हणतात आणखी कितीतरी हिवाळे बघतील. नाही बदलली तर हा उन्हाळा बघतील की नाही, ते सांगत नाहीत. डॉक्टर जेव्हा सांगत नाही तेव्हा त्याने सांगितलेलं असतं.

बाबा जायला तयार नाहीत.

मी विचारलं, "का?"

"भट्टी कोण बघणार?"

"मी बघते आहे ना!"

"तू?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "मांजराला दूध राखायला बसवायचं?"

तर आता कळलंच तुला. हो, मीच घालते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. टाउनशिपभर या भट्ट्यांविरुद्ध सह्या गोळा करणारी बाई आईचे जुने बूट घालून अंगण ओलांडते, दार उघडते, तोंड बाजूला वळवते, सळईने निखारे पुढे ओढते आणि मेपलचे ओंडके आत ढकलते. बाबा खिडकीतून बघतात आणि काच ठोठावून सूचना करतात. ऐकू काही येत नाही, पण तोंडाच्या हालचालीवरून कळतं: जाड मागे, बारीक पुढे, साल खाली. मी आत आले की म्हणतात, "सैमे, तू लाकूड घालतेस की पत्रं टाकतेस पेटीत? असं अंगापासून लांब धरून?"

"धूर येतो अंगावर."

"येणारच. भट्टी आहे, फ्रीज नाही."

मी म्हटलं, बाबा, तीन दिवसांचा प्रश्न आहे, फार तर आठवड्याचा. डॉक्टरांचा फोन आला की त्यांचाही तोच प्रश्न, येताय ना? बाबा म्हणतात, "हृदयाची झडप काय, भट्टीचीही बिघडली होती. तारेने बांधली, सहा वर्षं चालली." हे विनोद तुला फोनवर ऐकायला बरे वाटत असतील. मला ते जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबताना दिसतात.

तुला हे कळवू नको असं त्यांनी मला बजावलं आहे. त्यांचं ऐकायचं की त्यांना वाचवायचं, यात मी निवड केली आहे.

सैमा

रविवार, २६ जानेवारी

रैनो,

उत्तर आलं नाही. ठीक. हे पत्र मात्र तुला आवडेल, कारण यात मी फजीत झाले आहे.

या आठवड्यात थंडी खाली बसली. वारा नाही, आभाळ स्वच्छ, शून्याखाली वीस. अशा दिवसांत धूर वर जात नाही. आपल्या टेकडीवरून खाली घसरतो आणि खळग्यात साचतो. तू होतास तेव्हा खळग्यात नुसती झुडपं होती. आता तिथे क्रिस्टाचं फिरतं घर उभं आहे, चाकं काढलेलं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, शहरातल्या दवाखान्यात साफसफाई करते, आणि तिची चार वर्षांची मॅडी, जिला छातीचा त्रास आहे आणि वाफ घ्यायचं यंत्र जिच्या उशाशी असतं. मागच्या वर्षी सह्या घेत फिरले तेव्हा पहिली सही क्रिस्टाची होती.

बुधवारी दुपारी दार वाजलं. क्रिस्टा. कोटाचं बटण न लावलेलं.

"सैमाताई, सकाळपासून तिसऱ्यांदा वाफ दिली तिला. धूर इथलाच आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मला वाटलं ऊर्होआजोबा घालतायत. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून गप्प होते. आज खिडकीतून बघितलं तर तुम्ही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही माझ्या दारात उभ्या राहून मला सांगितलंत, धुराला हद्द कळत नाही. पाठ आहे मला. मॅडीलाही पाठ आहे."

रैनो, मी या टाउनशिपच्या सभागृहात खाणमालकाच्या वकिलाला गप्प केलं आहे. क्रिस्टापुढे मी एवढंच म्हणाले, "आत ये, कॉफी घे." ती म्हणाली, "कॉफी नको. हवा द्या."

मग मी विचार केला. भट्टी जास्तीत जास्त धूर कधी सोडते? घर गरम झालं की. पंखा थांबतो, झडप मिटते, आतली लाकडं न पेटता नुसती कुढत बसतात, आणि तो कुढण्याचा धूर जाड, पांढरा, जमिनीलगत. भट्टी मोकळी जळत राहिली तर धूर पातळ होतो. म्हणजे घराने सतत ऊब मागितली पाहिजे. म्हणजे घर गार राहिलं पाहिजे.

मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

हसू नकोस. शून्याखाली वीस असताना वरच्या मजल्याच्या, खालच्या, आईच्या शिवणाच्या खोलीच्यासुद्धा. साउनातलं, वाफेच्या न्हाणीतलं, पाणी दिवसभर तापत ठेवलं. भट्टी अशी धडधडून पेटली की धुराड्यातून नुसती थरथरती हवा दिसत होती. मी अंगणात उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, शोध लागला! तेवढ्यात बाबा डोक्यावर टोपी, अंगावर दोन घोंगड्या अशा थाटात दारात आले.

"सैमे, अख्ख्या टाउनशिपला ऊब द्यायला निघालीस का? सरोवर वितळवायचंय?"

"धूर कमी होतो, बाबा! बघा!"

त्यांनी धुराड्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मान वर करून, बराच वेळ. मग खाली खळग्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्या पोरीला त्रास होतो का फार?"

मी म्हटलं, "होतो."

ते आत गेले आणि स्वतः एक खिडकी आणखी उघडली, न्हाणीघरातली, जी मी विसरले होते. आणि घोंगडी गळ्यापर्यंत ओढून बसले.

दोन दिवसांत आठवड्याची लाकडं संपली आणि बाबांना सर्दी झाली. डॉक्टर मला फोनवर म्हणाले, अकरा तारखेपर्यंत त्यांना ताप येऊ देऊ नका, आला तर तारीख जाईल. मी सगळ्या खिडक्या लावल्या. त्या संध्याकाळी पुन्हा पांढरा धूर खळग्यात उतरला. मी पडदा ओढून घेतला. ज्या माणसांवर मी दोन वर्षं तोंडसुख घेतलं, त्यांतले कितीजण असेच पडदा ओढून बसत असतील, मला माहीत नाही. माझं मत बदललेलं नाही. उलट पक्कं झालं आहे: ज्या वस्तूसाठी एका घरात म्हातारा गारठायला हवा, नाहीतर दुसऱ्या घरात पोर गुदमरायला हवं, ती वस्तू वाईट आहे. ती भल्या माणसाच्या हातात दिल्याने चांगली होत नाही.

ताप नाही. अजून तरी नाही.

सैमा

गुरुवार, ३० जानेवारी

रैनो,

काल सभा झाली. मी हरले.

ठराव साधा होता. धुराडं शेजारच्या छपराहून उंच हवं, उन्हाळ्यात भट्टी बंद, आणि जुन्या भट्ट्या काही वर्षांत काढायच्या, त्यासाठी टाउनशिपने मदत द्यायची. सभागृह भरलेलं. बाहेर गाड्या चालूच ठेवलेल्या, आत ओल्या लोकरीचा वास. मी बोलायला उठले आणि पहिलं वाक्य संपायच्या आत मागून आर्वो किन्नुनेनचा आवाज आला.

"सैमा, तुझ्या कोटाला कुठल्या भट्टीचा वास येतोय गं?"

अख्खं सभागृह खदखदून हसलं. अध्यक्षही हसले आणि मग हातोडी आपटली.

मी म्हटलं, "माझ्या बापाच्या भट्टीचा, आर्वो. तू तिसऱ्या रांगेत बसलायस आणि तुझ्या नाकाला कळतंय. जी चार वर्षांची पोर त्या धुराखाली झोपते, तिच्या फुप्फुसाला कळत नसेल?"

हसणं थांबलं. मग मी बोलले, रैनो, आणि चांगलं बोलले. मी म्हणाले, आपले आजे-पणजे खाणीत उतरले तेव्हा मालक म्हणायचा, धूळ गिळायची नसेल तर खाली उतरू नका, कोणी जबरदस्ती केली आहे? आपल्या लोकांनी संप केला, मार खाल्ला, पण ते उत्तर मानलं नाही. आज खळग्यातल्या मुलीला आपण तेच उत्तर देतो आहोत: त्रास होतो तर दुसरीकडे राहा! मालक मेला, पण त्याची भाषा आपल्या तोंडात ठेवून गेला. मी म्हणाले, तुमची लाकडं मला नको आहेत, तुमचा जाळ मला नको आहे, मला फक्त तुमचा धूर तुमच्यापाशी हवा आहे.

टाळ्या पडल्या. मग हात वर झाले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे हात खालीच राहिले. घर तापवायला गॅसची टाकी भरण्याइतके पैसे ज्यांच्याकडे नाहीत, त्यांच्या हातांना मी दोष देत नाही. मार्चमध्ये ठराव पुन्हा आणीन, मदतीचं कलम आधी घालून.

पण हे पत्र त्यासाठी नाही. सभा संपल्यावर मी गाडीची काच खरवडत होते, तर आर्वो आला. माझ्याविरुद्ध सर्वांत वर हात त्याचाच होता.

"बापाला कधी न्यायचंय?"

"दहाला."

"सोमवार, मंगळवार मी घालतो लाकडं. बुधवार-गुरुवार माझा मेव्हणा. पुढचं चर्चमधली पोरं बघतील." आणि जाता जाता, "तुझ्यासारखी लांबून फेकणार नाही."

"आर्वो, आत्ता तू माझ्याविरुद्ध..."

"ते सभागृहात. हे भट्टीचं."

आपल्याकडची इर्जिक अशीच, मागावी लागत नाही. कोणाचं माणूस दवाखान्यात गेलं की त्याच्या घरचा जाळ शेजारी सांभाळतात, मतं नंतर. सकाळपर्यंत पुढचे दोन आठवडे भरले. क्रिस्टाही आली. दारातच उभी राहून म्हणाली, "लाकूड मी घालणार नाही. आधीच सांगते. माझ्या हाताने नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"पण शहरात नेईन त्यांना. मला दवाखान्याची मागची वाट माहीत आहे, त्यांना फार चालावं लागणार नाही."

रैनो, मी काल हरले आणि आज सकाळी स्वयंपाकघरात एकटी गाणं म्हणत होते. प्रश्न सुटला. 'भट्टी कोण बघणार' याला आता निम्मी टाउनशिप उत्तर आहे. संध्याकाळी बाबांना सांगेन.

सैमा

सोमवार, ३ फेब्रुवारी

रैनो,

हे पत्र पूर्ण वाच. डोनावहिनी म्हणते, तू माझी पत्रं गॅरेजमध्ये उभा राहून वाचतोस आणि मग बराच वेळ आत येत नाहीस. आज तिथेच एखाद्या खोक्यावर बस.

बाबांनी नाही म्हटलं.

मी त्यांना सगळ्यांची नावं सांगितली, वार सांगितले, आर्वोचा टोमणासुद्धा सांगितला. ते मान डोलावत ऐकत होते. म्हणाले, "चांगली माणसं आहेत. आर्वो लाकडं नीट रचतो." मग म्हणाले, "पण मी जात नाही."

माझा संयम सुटला. मी ओरडले. म्हटलं, म्हणजे भट्टीचं निमित्तच होतं! घाबरता तुम्ही, सरळ सांगा!

"घाबरतो तर," ते म्हणाले. "या वयात सुरीखाली जायचं. नाही उठलो तर?"

"नाही उठलात तर काय?"

"तर तू भट्टी विझवशील. खरं सांग, सैमे. माझी माती गार व्हायच्या आत नळ्यांतलं पाणी काढून टाकशील की नाही?"

मी त्यांच्याशी आजवर खोटं बोललेले नाही, आणि आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून सांगत आले आहे. मी म्हटलं, "हो. टाकीन."

त्यांना राग आला नाही. उलट बरं वाटल्यासारखे मागे टेकले. "म्हणूनच," ते म्हणाले. "रैनो येईपर्यंत मला थांबलं पाहिजे."

"रैनो?"

मग त्यांनी सांगितलं, आणि मला हे ठाऊक नव्हतं. आई त्या वर्षी जानेवारीत गेली, पण गोठलेली जमीन कुदळीने फुटेना म्हणून तिला मेमध्ये पुरलं, तेव्हा तू आला होतास. मी चर्चमध्ये लोकांच्या कॉफीचं बघत होते. तुम्ही दोघं कबरीपाशी मागे थांबलात. बाबा म्हणाले, आता हे सगळं कोणासाठी चालवू? आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "मी येतो परत. भट्टी चालू ठेवा. एक-दोन वर्षं. विझलेल्या घरात मला यायचं नाही."

असं म्हणालास? बाबा शब्द न् शब्द सांगतात. त्या दिवसापासून ते तुझ्यासाठी आग राखून बसले आहेत. थप्पी छपरापर्यंत कोणासाठी रचली, असं तुला वाटलं? ज्या थप्पीपाशी ते पडले, ती त्यांच्यासाठी जास्तच होती. त्यांना त्यातली निम्मी पुरली असती. दर रविवारी तू म्हणतोस, वसंतात बघू, आणि ते आणखी एक हिवाळा स्वतःवर घेतात. विझलेली भट्टी पोराच्या हातात कशी द्यायची, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मरणाची भीती त्यांना त्यानंतर वाटते.

मी म्हटलं, "बाबा, रैनो येणार नाही."

ते म्हणाले, "तू तर म्हणणारच. त्याच्या तोंडून ऐकीन."

शनिवारी मी डोनाला फोन केला. तिला सरळ विचारलं. ती बिचारी म्हणाली, "सैमा, माझी मुलं वाळवंटात वाढली आहेत. रैनोला आता पहाटेचा गारवासुद्धा सोसत नाही. आम्ही कुठे येतो? त्यालाही माहीत आहे. त्याला बाबांना दुखवायचं नाही, एवढंच." मी म्हटलं, मग तूच सांग बाबांना. ती म्हणाली, ते तुम्हा बाप-लेकाचं. तिचं चुकलं नाही.

तर ऐक. तू तो शब्द दिलास तेव्हा खोटं बोलत नव्हतास, हे मी मान्य करते. ताज्या मातीपाशी उभा असलेला माणूस जे बोलतो त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण नंतरच्या प्रत्येक रविवारी तू जे बोललास, त्याला दुसरा शब्द नाही. मला तू बाबांवर आरोप केल्याचा दोष देतोस. मी त्यांना जे बोलले ते त्यांच्या तोंडावर, भर सभागृहात बोलले. ते चिडले, भांडले, आणि जगले. तुझं गोड बोलणं मात्र त्यांना लाकडाच्या ढिगापाशी पाडून गेलं. माया म्हणजे माणसाला खरं ऐकायचा हक्क नाकारणं नव्हे. मालक, पुढारी, डॉक्टर, सगळे आपल्या लोकांशी असंच गोड बोलत आले आहेत, उद्या बघू, वसंतात बघू, आणि आपली माणसं त्या उद्याच्या आशेवर छातीत धूळ भरून मेली. मी त्याविरुद्ध गावोगाव ओरडले. माझ्या सख्ख्या भावाकडून मला ते ऐकवत नाही.

तुला वाटेल, खरं सांगितलं तर त्यांचं मन मोडेल. मोडेल. मी ते सावरायला इथे आहे. त्यांची लाज, त्यांचा राग, माझ्यावरच्या शिव्या, सगळं मी घेईन. त्यानंतर भट्टीचं काय करायचं ते शुद्धीत असलेला ऊर्हो पेल्कोनेन ठरवील, आणि तो ठेव म्हणाला तर मी सभेत त्याच्याविरुद्ध बोलेन आणि सकाळी त्याची लाकडं घालीन. पण त्यासाठी तो जिवंत असायला हवा.

दहा तारखेला सोमवारी सकाळी क्रिस्टा गाडी घेऊन दारात उभी राहील. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमधून आल्यावर ते नेहमीसारखे फोनशेजारच्या खुर्चीत बसतील. फोन मी उचलणार नाही. हवापाणी विचारू नकोस, थप्पी विचारू नकोस, बघू म्हणू नकोस. त्या रविवारी फोन कर, आणि त्यांनी हॅलो म्हणताच हेच बोल: "बाबा, मी परत येणार नाही. वसंतातही नाही. माझ्यासाठी थांबू नका, दवाखान्यात जा."

सैमा